मागण्याचा इतिहास: संकटकाळ, आजार आणि ख्रिस्ती श्रद्धा
(प्रस्तावना)

ख्रिस्ती श्रद्धा आणि आजारातून सुटका हा विषय निघाला की ऐकणाऱ्यांचे चटकन दोन तट पडतात. एकाला चमत्काराची साक्ष सांगायची असते, दुसऱ्याला तिची चिरफाड करायची असते. दोघांचा प्रश्न मात्र एकच असतो: माणूस खरोखर बरा झाला का? या प्रश्नाला त्याची जागा आहे आणि पुढे त्याकडे यायचेच आहे. पण इतिहासाच्या किंवा समाजशास्त्राच्या अभ्यासकाने तिथूनच सुरुवात केली तर त्याच्या हाती फार थोडे लागते. शंभर वर्षांपूर्वीचा रुग्ण आज तपासता येत नाही. त्याने काय मागितले, कोणापुढे मागितले, त्या वेळी त्याच्याबरोबर कोण उभे होते आणि नंतर त्याच्या घरात काय पालटले, हे मात्र पुष्कळदा कळू शकते. बरे होण्याचा इतिहास लिहिणे कठीण आहे. मागण्याचा इतिहास लिहिता येतो. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाला वाट दाखवताना मी हेच सूत्र धरून चालणार आहे.

शुभवर्तमानांकडे या नजरेने पाहिले तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. तिथे बरे होणे बहुधा एखाद्या वाक्यात उरकते. तिथवर पोचण्याची धडपड मात्र तपशिलाने येते. लकवा झालेल्या माणसाला चौघे जण उचलून आणतात आणि गर्दीमुळे दार गाठता येत नाही म्हणून छप्पर उकलून त्याला खाली सोडतात. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली बाई वैद्यांवर होते नव्हते ते सगळे खर्च करून बसलेली असते. ती गर्दीत मागून येऊन वस्त्राला हात लावते. यरीहोच्या वाटेवर भीक मागणाऱ्या आंधळ्या बार्तीमयाला लोक गप्प बसायला सांगतात, तर तो आणखी मोठ्याने ओरडतो. पैसा संपलेला, वैद्य करून झालेले, लोकांचे टोमणे ऐकून झालेले आणि तरी कोणीतरी उचलून नेणारे सोबत असलेले, असा हा पीडितांचा वर्ग आहे. पुढच्या काळातल्या मागणाऱ्यांना या कथांत स्वतःचा चेहरा दिसला तो यामुळेच.

मराठी कानांवर या कथा फार लवकर पडल्या. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. ओवीबद्ध मराठीत येशूचे चरित्र सांगणाऱ्या या ग्रंथाने आंधळे, पांगळे, कोडी यांच्या कथा पुराणश्रवणाची सवय असलेल्या श्रोत्यांपुढे ठेवल्या. नवस बोलणे, देव पावणे, नवस फेडणे हा व्यवहार त्या श्रोत्यांच्या रक्तात मुरलेला होता. म्हणून महाराष्ट्र-गोव्यातल्या ख्रिस्ती रोगमुक्तीच्या परंपरेला केवळ बाहेरून आलेली वस्तू मानले तर ती निम्मीच समजते. मागण्याची रीत पुष्कळशी इथली होती. ज्याच्यापुढे हात जोडायचे त्याचे नाव, त्याची कथा आणि त्याच्या उपासनेची घडी नवी होती.

या परंपरेचा एक ठसठशीत पुरावा मुंबईच्या रस्त्यांवर क्रुसांच्या रूपात उभा आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान झाले. ते करणारे डॉ. अकॅसियो गॅब्रिएल व्हिएगस हे गोव्याचे ख्रिस्ती डॉक्टर होते. त्यांचा पुतळा आजही धोबीतलाव भागात मेट्रो सिनेमासमोर आहे. पुढच्या वर्षी साथरोग कायदा आला. घरांची झडती, रुग्णाला उचलून नेणे, घरच्यांना वेगळ्या छावणीत ठेवणे हे सुरू झाले आणि लोकांना रोगाइतकीच रुग्णालयाची धास्ती वाटू लागली. त्या वर्षांत गिरगाव, माझगाव, वांद्रे इथल्या ख्रिस्ती वाड्यांतून आणि गावठाणांतून क्रूस उभे राहिले. गिरगावातल्या खोताच्या वाडीतल्या क्रुसावर १८९९ हे साल आहे. चर्चमधली गर्दी टाळून वाडीतल्या माणसांनी संध्याकाळी क्रुसापुढे जमावे, रोझरी म्हणावी, प्लेगपासून राखणारे म्हणून मानलेले संत सेबास्तियन आणि संत रोक यांचा धावा करावा, अशी ती रीत. साथ ओसरल्यावर क्रूस राहिले. मे महिन्यात त्यांना फुलांच्या माळा घालून लदीन ही प्रार्थना म्हणण्याची प्रथा अनेक वाड्यांनी पुढेही चालवली.

असा क्रूस जवळून पाहावा. खाली चुन्याचा किंवा दगडाचा चौथरा, त्यावर मेणबत्त्यांसाठी खाच, साल, कधी उभारणाऱ्या कुटुंबाचे किंवा वाडीचे नाव. कोण वाचले, कोण गेले, यातले काही त्यावर लिहिलेले नसते. लिहिलेले असते ते एवढेच की अमुक साली इथल्या माणसांनी मिळून काहीतरी मागितले. कित्येक क्रुसांवर संकट टळल्याचा आभार आणि संकट टळावे म्हणून केलेली विनवणी यांत फरकही करता येत नाही. रोगमुक्तीच्या अभ्यासकाला यापेक्षा नेमका दस्तऐवज क्वचित मिळतो, आणि याच दस्तऐवजांपैकी काही रस्तारुंदीत हलवले गेले, काही पाडले गेले.

त्याच वर्षांत मुंबईपासून दूर, दौंडजवळ केडगावला वेगळ्या प्रकारचे मागणे चालू होते. पंडिता रमाबाईंचे चरित्र मराठी वाचकाला शिक्षण आणि स्त्रीमुक्ती यांच्या संदर्भात ठाऊक असते. आजार आणि श्रद्धा यांच्या अंगानेही ते वाचायला हवे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीने गेले. १८८२ साली पती बिपिन बिहारी मेधावी पटकीने गेले. वैद्यकी शिकण्याच्या हेतूने त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तर ऐकू कमी येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतून त्यांनी मुली आणि बायका आणल्या; त्यातून केडगावचे मुक्ती मिशन वाढले. अंगावर फोड, डोळे आलेले, पोटात अन्न ठरत नाही, कोणावर विश्वास उरलेला नाही, अशा अवस्थेत आलेल्या त्या मुली होत्या. रमाबाईंनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली, त्यांच्यासाठी विहिरीही खणल्या, माग चालवले, छापखाना काढला, शेती केली, अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय केली. आणि १८९७ साली पुण्यातल्या सरकारी प्लेग-रुग्णालयाच्या व्यवस्थेवर वृत्तपत्रातून कडक टीकाही केली. श्रद्धाळू माणूस सगळे देवावर सोपवून स्वस्थ बसतो, या समजाला केडगावात कुठेही आधार सापडत नाही.

१९०५ च्या जूनअखेर मुक्ती मिशनमध्ये जे घडले त्याला ख्रिस्ती जगतात 'संजीवन' म्हणतात. मुली तासन् तास रडत, मोठमोठ्याने एकाच वेळी प्रार्थना करत, पापांची कबुली देत, अंगात आगीचा दाह झाल्याचे सांगत. तिथल्या सहकारी मिनी अब्रम्स यांनी १९०६ साली यावर पुस्तिका लिहिली आणि ती देशोदेशी वाचली गेली. पेंटेकोस्टल चळवळीचा इतिहास लिहिणारे अभ्यासक आता लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावरच्या संजीवनाबरोबर केडगावचेही नाव घेतात, कारण केडगावची घटना त्याआधीची आहे. मानसशास्त्राचा अभ्यासक या प्रसंगात उपासमार आणि बेघरपण सोसलेल्या मुलींचा कोंडलेला आकांत पाहील. धर्मशास्त्राचा अभ्यासक पवित्र आत्म्याचे आगमन पाहील. स्त्रीवादी इतिहासकार असे विचारील की घरात ज्यांना वर मान करून बोलायची मुभा नव्हती त्यांना इथे ओरडून मागता आले, हे कसे? तिन्ही वाचने एकाच वेळी हाताशी ठेवता येणे ही या क्षेत्राची पहिली शिस्त आहे.

या प्रसंगाच्या मध्यभागी असलेल्या रमाबाईंचे स्वतःचे ऐकू येणे मात्र परतले नाही. त्यांची मुलगी मनोरमा १९२१ साली त्यांच्याआधी गेली. बायबलच्या मराठी भाषांतराचे काम पुरे करून १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई वारल्या. ज्या घरात सर्वांत जास्त मागितले गेले त्या घरातही सगळे मिळाले नाही, आणि तरी मागणे थांबले नाही. केवळ बरे झालेल्यांच्या साक्षी गोळा करणाऱ्याच्या वहीत ही नोंद येत नाही. आपल्या वहीत ती आली पाहिजे.

मुक्तीच्या कामाला दुसरीही बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. दुष्काळात अन्न देणाऱ्याच्या धर्माचा स्वीकार कितपत मोकळ्या मनाने होतो, हा प्रश्न त्या काळच्या पुण्यातल्या वृत्तपत्रांनी विचारला आणि तो आजही विचारला जातो. त्याला सरसकट उत्तर नाही. काहींना श्रद्धा सापडली, काहींना छप्पर, काहींना दोन्ही. अभ्यासकाने या मुलींना फसलेल्या किंवा उद्धरलेल्या अशा दोनच खणांत बसवू नये. पोटासाठी घेतलेला निर्णयही माणूस विचार करूनच घेतो.

श्रद्धा आणि औषध एकाच छपराखाली कसे नांदले, हे पाहायचे तर मिशन रुग्णालयांकडे वळावे. विल्यम वॉनलेस या प्रेस्बिटेरियन डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेला रुग्णालय सुरू केले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्याने दूरदूरचे रुग्ण तिथे येत. पुढे वैद्यकीय शिक्षण, कुष्ठरोग्यांची वसाहत, क्षयरोग्यांचे आरोग्यधाम अशी त्याची वाढ झाली आणि मिरज ही वैद्यकीय उपचारांची पंढरी ठरली. अहमदनगर, वडाळा, जालना इथेही मिशनचे दवाखाने होते. सकाळी बाह्यरुग्ण विभागात बायबलचे वाचन, मग प्रार्थना आणि मग तपासणी, असा अनेक मिशन दवाखान्यांचा दिनक्रम असे. बाकावर बसलेला बहुतेक रुग्ण ख्रिस्ती नसे. तो प्रार्थना ऐके, टाके घालून घेई, गावी जाऊन मिशनच्या डॉक्टरच्या हाताला यश आहे असे सांगे आणि घरच्या कुलदेवतेला नारळ फोडी. मिशनच्या अहवालांत धर्मांतराचे आकडे अपेक्षेपेक्षा कमी का, याची खंत येते ती इथूनच. मागणारा माणूस एकाच दाराशी थांबत नाही. डॉक्टर, वैद्य, देवऋषी, दर्गा, चर्च अशी त्याची फेरी चालू असते आणि त्यात त्याला विसंगती वाटत नाही. विसंगती अभ्यासकाला वाटते.

ही फेरी आजच्या मुंबईत पाहायची असेल तर सप्टेंबरात वांद्र्याच्या टेकडीवर जावे. तिथल्या माउंट मेरी चर्चमधल्या मरियेला कोळी माणसे मोत माऊली म्हणतात. मरियेच्या जन्मदिनानंतर, म्हणजे ८ सप्टेंबरनंतर येणाऱ्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. रस्त्याच्या कडेला मेणाच्या वस्तूंचे ठेले असतात. त्यावर मेणाचा हात, पाय, डोके, छाती, बाळ, घर अशा वस्तू हारीने मांडलेल्या असतात. गुडघा दुखणारा पाय घेतो, मूल हवे असलेली बाळ घेते, भाड्याच्या खोलीत राहणारा घर घेतो. अलीकडे मोटार आणि विमानही मिळते. ठेलेवाल्याला धर्मशास्त्र ठाऊक असण्याची गरज नाही. यंदा काय खपणार ते त्याला बरोबर ठाऊक असते. एखाद्या संशोधकाने या ठेल्यांवरच्या वस्तूंची वर्षागणिक नुसती यादी ठेवली तरी मुंबईकरांच्या काळज्यांचा इतिहास तयार होईल. शरीराच्या अवयवांशेजारी घर आणि विमान आले, याचा अर्थ लोक लोभी झाले असा घेण्याची घाई करू नये. या शहरात घर नसणे आणि परदेशातली नोकरी न मिळणे हीदेखील अंथरुणाला खिळवणारी दुखणी आहेत.

माहीमच्या संत मायकल चर्चमधला बुधवारचा नोव्हेना १९४८ सालापासून चालू आहे. दिवसभर इंग्रजी, कोकणी, मराठी, हिंदी, तमिळ अशा भाषांतून प्रार्थना होतात आणि नऊ बुधवार सलग येण्याचा नेम लोक धरतात. रांगेतले कितीतरी लोक ख्रिस्ती नसतात. तिथे भाविकांनी लिहिलेली विनंतीची आणि आभाराची पत्रे वाचली जातात, हा भाग अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. नवऱ्याची दारू, मुलाची परीक्षा, गाठीचा रिपोर्ट, अडकलेला व्हिसा, सासरचा छळ यांना तिथे एकाच सुरात जागा मिळते. अशा पत्रांवर किती मोठे काम उभे राहू शकते हे रॉबर्ट ऑर्सी यांनी १९९६ च्या 'थँक यू, सेंट ज्यूड' या पुस्तकात दाखवले आहे. शिकागोत १९२९ साली, महामंदीच्या तोंडावर सुरू झालेल्या संत ज्यूडच्या भक्तीचा हा अभ्यास आहे. ज्याची आशा सुटली त्याचा हा संत. स्थलांतरितांच्या मुलींनी त्याला जी पत्रे लिहिली त्यांवरून ऑर्सींनी एका पिढीतल्या बायकांचे आयुष्य उभे केले. मुंबईत या धर्तीचे काम करायला विपुल वाव आहे.

गोव्यात मागण्याची सीमा आणखी पुसट होते. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मरियेला, शिरगावच्या लइराई देवीची बहीण मानतात आणि तिच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन येतात. तळावलीच्या सांतान चर्चमध्ये जुलैअखेर तवशांचे, म्हणजे काकड्यांचे, फेस्त भरते. मूल व्हावे म्हणून जोडपी संत अ‍ॅनला, म्हणजे मरियेच्या आईला, तवशी अर्पण करतात. वसई-मुंबईतून वेलंकणीला जाणाऱ्यांचा ओघही असाच. धर्मग्रंथांतले सिद्धांत वेगळे असतात, दुखणे मात्र शेजाऱ्याचे आणि आपले सारखे असते. म्हणून तवशी आणि तेल सीमा ओलांडून जातात.

याच्या जोडीला एक तुलनेने नवा प्रवाह आहे. कॅथलिक मंडळींत १९७० च्या दशकापासून करिश्मॅटिक प्रार्थनासभा वाढल्या आणि प्रॉटेस्टंट-पेंटेकोस्टल मंडळ्यांच्या उपास-प्रार्थना चाळींतून, वस्त्यांतून होऊ लागल्या. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना, तेल लावणे, मग साक्ष. साक्षीला एक घडण असते: आधीचे आयुष्य, आजार, डॉक्टरांनी हात टेकले, कोणीतरी शेजारीण सभेला घेऊन आली, प्रभूने बरे केले. ही घडण इतकी पक्की आहे की नवखा अभ्यासक तिला पाठांतर समजून सोडून देतो. त्याने 'शेजारीण घेऊन आली' या टप्प्यावर थांबावे. चेन्नईच्या एका वस्तीतल्या पेंटेकोस्टल बायकांबद्दल नॅथॅनिएल रॉबर्ट्स यांनी २०१६ च्या 'टू बी केअर्ड फॉर' या पुस्तकात हेच पकडले आहे. घरातले दुःख चार भिंतींआड गिळायचे, अशी शिकवण असलेल्या बायका तिथे एकमेकींची नावे घेऊन, एकमेकींच्या दुःखासाठी प्रार्थना करतात. आजार गेला की राहिला, याच्या आधी हे घडलेले असते.

आता तो टाळलेला प्रश्न. प्रार्थनेने रोग बरा होतो का, याची तपासणी करण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि ते अभ्यासकाने वाचलेच पाहिजेत. फ्रान्समधल्या लूर्द येथे १८५८ साली बर्नादेत हिला मरियेचे दर्शन झाल्याचे मानतात. तिथे १८८३ सालापासून वैद्यकीय तपासणी कचेरी आहे. बरे झाल्याच्या हजारो दाव्यांपैकी चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना सत्तरीच्या घरात आहेत. म्हणजे चमत्काराबाबत सर्वांत काटेकोर राहण्याची धडपड खुद्द चर्चमध्येच दिसते. दुसरा प्रयत्न अमेरिकेतला. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेचा रुग्णांना फायदा दिसला नाही. उलट, आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना निश्चित माहीत होते त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्त आढळली. हा निष्कर्ष प्रामाणिकपणे मान्य करावा. त्याबरोबर हेही पाहावे की त्या प्रयोगात प्रार्थना करणारा रुग्णाला ओळखत नव्हता. शेजारीण तिथे नव्हती. औषधासारखी मात्रा ठरवून दिलेली प्रार्थना तपासली गेली, आणि ती औषधासारखी लागू पडली नाही.

श्रद्धेच्या आधाराने होणारा अपायही याच क्षेत्राचा विषय आहे. इन्शुलिन बंद करायला लावणे, क्षयाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडायला सांगणे, अपस्मार किंवा मनोविकार असलेल्या माणसाला भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बरे न झालेल्याला 'तुझा विश्वास कमी पडला' असे ऐकवणे. शेवटच्या प्रकाराची जखम दिसत नाही, पण ती फार दिवस टिकते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली आलेल्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्यासाठी मारहाण करणे, साप-विंचू-कुत्रे चावल्यावर उपचारापासून रोखणे यांना गुन्हा ठरवले. प्रार्थना आणि उपासना यांना त्याने हात लावलेला नाही. व्हॅटिकननेही २००० साली रोगमुक्तीच्या प्रार्थनांविषयी सूचना काढून उन्माद आणि दिखाऊपणा टाळावा असे बजावले. कायदा, चर्च आणि विवेकवादी चळवळ यांनी ही रेघ जवळपास एकाच जागी ओढली आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अभ्यासकाची भूमिका त्या रेघेबाबत तटस्थ असू नये. मुलाखत घेताना समोरच्याने औषध सोडल्याचे कळले तर वही मिटून आधी त्याला दवाखान्यात नेण्याचा प्रयत्न करावा.

कोविडच्या साथीमुळे २०२० च्या मार्चमध्ये चर्चची दारे बंद झाली तेव्हा मागण्याचे काय होते, हे आपल्या पिढीने पाहिले. नोव्हेना मोबाइलवर आला, वांद्र्याची जत्रा त्या वर्षी भरली नाही. २७ मार्चला पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये रिकाम्या चौकात प्रार्थना केली, तेव्हा १५२२ च्या प्लेगात मिरवलेला क्रूस तिथे आणला होता. पाचशे वर्षांपूर्वीच्या साथीतली वस्तू नव्या साथीत पुन्हा बाहेर काढणे, हाच संकटकाळातल्या श्रद्धेचा स्वभाव आहे. ती आधीच्या वाचलेल्यांची नावे काढून पुढच्यांना धीर देते.

या क्षेत्रात यायला धर्मशास्त्राची पदवी लागत नाही आणि ख्रिस्ती असणेही लागत नाही. विश्वास असलेल्याला इथे त्याचा विश्वास दाराबाहेर ठेवावा लागत नाही, नसलेल्याला तो उसना आणावा लागत नाही. दोघांनीही समोरच्या माणसाचे मागणे पुरते ऐकून घेतले म्हणजे झाले. साधने खूप आहेत आणि बरीच अजून कोणी उघडलेली नाहीत: धर्मग्रामांच्या दफननोंदी, मिशन रुग्णालयांचे अहवाल, वसईच्या 'सुवार्ता'सारख्या मासिकांचे जुने अंक, लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'सारखी आत्मचरित्रे, क्रुसांवरचे लेख, आभाराची पत्रे. मराठीबरोबर कोकणी कळत असेल तर उत्तम. पोर्तुगीज थोडी शिकून घेता येते. वसईच्या कुपारी, मुंबईच्या ईस्ट इंडियन आणि नगर-जालन्याच्या दलित ख्रिस्ती घरांतल्या आजीबाईंच्या तोंडी जे आहे ते मात्र कोणत्याही दफ्तरात मिळणार नाही.

म्हणून वाचकाला विनंती एवढीच, की हे पुस्तक वाचून संपायची वाट न पाहता आपल्या भागातला एक क्रूस, एक नोंदवही किंवा एक म्हातारी निवडावी आणि कामाला लागावे. क्रुसाचा फोटो काढावा, साल टिपावे, तो कोणी आणि कशासाठी उभारला हे वाडीतल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारावे. आजारी माणसाशी बोलायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी, नाव गुप्त ठेवावे आणि तो काय मागत होता हे त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. बरा झाला की नाही, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा.